लिंबाखालचा बीए

“म्हैस वावरात गेलीच न्हाई, असं मी लिहिणार न्हाई, केशरबाई. गेलती का न्हाई, ते सांग आदी.”

“आता गेलती थोडी.”

“थोडी मंजी? मुंडकं आत आन् शेपूट भाईर?”

कडूलिंबाच्या बुडाशी बसलेली चार माणसं हसली. पिंगळीच्या केशरबाईनं पदर दातात धरला आणि कबूल केलं, की म्हैस पुरी आत गेली होती, तुरीची दोन पाथी खाऊन बसली होती. पण शेजाऱ्यानं तिला कोंडवाड्यात घालायच्या आधी तिच्या पाठीवर दोन काठ्या मोडल्या, ते काय कायद्यात बसतं का?

“हां. हे लिहितो. काठीचा वळ साहेबाला दिसतो. न गेलेली म्हैस दिसत न्हाई.”

परभणीच्या तहसील कचेरीसमोर तीन अर्जीनवीस बसायचे. दोघांना मेजं-खुर्च्या होत्या. तिसरा लिंबाखाली चटईवर, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर दौत-टाक. चुडाव्याचा हा वीरुपाक्ष. गर्दी त्याच्याच पुढं असायची, कारण त्याचा एक नेम होता. अर्जी उर्दूतच लिहावी लागायची, निजामाचं राज्य होतं. गावच्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाकीचे लिहायचे आणि अंगठा धरून कागदावर दाबायचे. अशा अंगठ्यांनी आमच्याकडं किती वावरं गेली, किती माणसं न केलेल्या गुन्ह्याला कबूल झाली. वीरुपाक्ष लिहून झालं की एकेक वाक्य मराठीत वाचायचा आणि विचारायचा, “बराबर?” समोरचा मोठ्यानं ‘बराबर’ म्हणाला तरच पुढं. शेवटी अंगठा. समोर पाटील असो की मांग, नेम एकच. जिंतुरापासून पूर्णेपर्यंत लोकं म्हणायची, बीएनं वाचलं तरच अंगठा.

होय, बीए. नाव कुणी घेत नव्हतं. हैदराबादच्या विद्यापीठात उर्दूतून चार वर्षं शिकून पास झालेला माणूस चटईवर बसून म्हशीच्या अर्ज्या लिहायलाय, याचं लोकांना नवल वाटायचं. जिंतूरच्या शाळेत मास्तरकी चालून आली होती, ती त्यानं घेतली नाही. नांदेडच्या एका वकिलानं मुन्शी म्हणून बोलावलं, गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “हितली सावली चांगली हाय.” खरं कारण एकट्या त्याच्या आईला, भागम्माला ठावं होतं. बदल्या होतात. आज ना उद्या एक माणूस या कचेरीत साहेब होऊन येणार होता, आणि तो आला की वीरुपाक्षाला त्याच्या दारात बसलेलं असायचं होतं.

तो माणूस येऊन वर्ष झालं होतं. सिद्धलिंग, तहसीलदार.

केशरबाईच्या अर्जीला लावायचा तिकीट-कागद तिनं आणलाच नव्हता. उद्या ये म्हणून तो तिला सांगत होता तेवढ्यात कचेरीचा चपराशी सुग्रीव आला. साहेबांनी बंगल्यावर बोलावलंय, म्हणाला, आत्ताच्या आत्ता.

वीरुपाक्षानं मान वर केली नाही. “साहेबाला सांग, लिहून घ्यायचं आसंल तर लिंब हितं हाय. लिंबाला पाय न्हाईत.”

सुग्रीव जरा वेळ उभा राहिला. हे जसंच्या तसं सांगायचं की धुऊन सांगायचं, हे त्याला ठरवता येईना. मग गेला.

*

आता मागलं सांगतो, म्हणजे पुढलं कळेल.

वीरुपाक्ष आणि सिद्धलिंग हैदराबादेत एका खोलीत राहायचे. दोघं आपल्याच जिल्ह्यातले, दोघं लिंगवंत, दोघांच्या घरून एकाच गाडीनं भाजलेल्या पिठाचे डबे यायचे. सिद्धलिंग चारठाण्याचा, बाप कापडवाला. वीरुपाक्षाच्या घरी सोळा एकर कोरडवाहू. विद्यापीठातली पोरं अंगात गळ्यापर्यंत हुकं लावलेली शेरवानी घालून चैताच्या उन्हात तास ऐकायची आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून कोण काय होणार याची वाटणी करायची. तहसीलदारी हा शब्द देवाच्या नावासारखा घ्यायची. ती न मिळाली तर मुन्सफी, ती हुकली तर वकिली, वकिलीला बापाचा पाठिंबा नसला तर मास्तरकी, आणि काहीच नाही जमलं तर घरी जाऊन औत. औत म्हणताना सगळी हसायची. त्यांचे बाप तेव्हा औतच हाणत होते.

वीरुपाक्षाचं उर्दू असं होतं, की लखनऊकडून आलेले मास्तरसुद्धा त्याची वही दुसऱ्यांना दाखवायचे. सिद्धलिंगाचं उर्दू बाजारापुरतं. त्याला वीरुपाक्षानं चार वर्षं टिपणं काढून दिली, मोठ्या अक्षरात, लहान पोराला देतात तशी. ती पाठ करून तो पास झाला.

पास झाल्यावर नायब तहसीलदारीच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. परभणी जिल्ह्यातून दोघांनाच. जागा एक. कोणाला मिळणार हे सिद्धलिंगालाही कळत होतं.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी वीरुपाक्षाच्या हातून चूक झाली. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा झिजला होता. आमच्याकडं नवा दोरा गळ्यात घातल्याशिवाय जुना सोडत नाहीत, लेकरालाही ठावं असतं. लिंगवंताचं लिंग जन्मल्यापासून मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही. वीरुपाक्षाच्या डोक्यात मुलाखत होती. त्यानं जुना दोरा सोडला, लिंगाची चांदीची डबी कोनाड्यात ठेवली आणि नवा दोरा ट्रंकेतून काढायला वळला. मग आठवलं, दोरा धुवून वर वाळत घातलाय. वर गेला, आला. कोनाडा रिकामा.

खोली उलटी केली. चादरी झटकल्या, ट्रंका उपसल्या. सिद्धलिंगही शोधत होता, खाटेखाली घुसून. लिंग मिळालं नाही.

आता लिंग हरवलं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. दुसरं लिंग स्वामीच्या हातून गळ्यात पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उंबरा ओलांडणं नाही. कुणी म्हणेल, मुलाखतीला जाऊन यायचं, मग बसायचं उपाशी. असं म्हणणारा आमच्याकडचा नसतो. मठातले स्वामी जत्रेला गेले होते. तीन दिवस वीरुपाक्ष भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धलिंग हळूच म्हणाला, तुझी शेरवानी नेऊ का? माझी बाहीला फाटलीय, आणि तू तर जाणार नाहीस. वीरुपाक्षानं मान हलवली. घेऊन जा.

शेरवानी खाटेवर परत आली. सिद्धलिंग नायब तहसीलदार झाला. तिसऱ्या दिवशी स्वामींनी नवं लिंग बांधलं, तेव्हा वीरुपाक्षाच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

महिन्याभरानं तो सामान घेऊन चुडाव्याला उतरला. भागम्मानं पिठाचा डबा उंदीर लागले असतील म्हणून सुपात ओतला. बुडाशी एक पुडी निघाली. पुडीत लिंगाची डबी. पुडीचा कागद तिनं पोराला दाखवला, तिला वाचता येत नव्हतं. मोठी अक्षरं, लहान पोराला देतात तशी. त्यानं सिद्धलिंगाला काढून दिलेल्या टिपणाचंच ते पान होतं.

लिंग स्वामींना विचारून नदीत सोडलं. कागद वीरुपाक्षानं घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला. भागम्मा म्हणाली होती, चारठाण्याला जाऊन त्याच्या बापाच्या दुकानासमोर बोंब मार. तो म्हणाला, “न्हाई अव्वा. तिथं त्याचा बाप हाय. मी त्याला त्याच्या कचेरीफुडं धरीन.”

नऊ वर्षं तो ते धरून बसला.

*

लढाईचे दिवस होते. सरकारनं शेतकऱ्यांच्या ज्वारीवर लेव्ही बसवली होती, म्हणजे ठरल्या भावानं सक्तीची वसुली. सिद्धलिंगानं एका देशमुखाची कोठारं सोडून दिली आणि गरिबांच्या बळदांतून दोनदा ज्वारी उपसली, अशी तक्रार वर गेली. लोकांना वाटलं ही तक्रार बीएनंच लिहिली. त्यानं लिहिली नव्हती. ती जिंतुराकडून कुण्या दुसऱ्याच्या हातानं गेली होती, आणि हे कळलं तेव्हा वीरुपाक्ष दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आपण ज्या सापावर नऊ वर्षं दगड धरून बसलो, त्याला दुसऱ्याच कुणी आधी मारावं, असा त्याचा राग होता.

सोमवारी अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, चौकशीला येणार होते. सिद्धलिंगानं महजर करायचं ठरवलं, म्हणजे हा हाकिम भला माणूस आहे असा गावच्या प्रतिष्ठितांचा अंगठे लावलेला कागद. प्रतिष्ठित म्हणजे मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, आपलेच लिंगवंत व्यापारी, अकरा जण. आपला माणूस साहेब झालाय, त्याला कशाला बुडू द्यायचा, असं त्यांचं मत होतं. पण त्यांतल्या थोरल्या सिद्रामप्पांनी एक अट घातली. सरकीचं दुकान, सत्तरी पार, तिन्ही पोरांचे संसार बघितलेला माणूस. ते म्हणाले, आप्पा, उर्दू आम्हाला येत नाही, बीएनं वाचून सांगू दे, मग अंगठ्याचं काय.

म्हणून सुग्रीव आला होता. आणि लिंबाला पाय नाहीत हे ऐकून दुपारी सिद्धलिंग स्वतः आला. कचेरी जेवायला सुटली होती. तो चटईच्या कडेला उकिडवा बसला, पायघोळ कोट सावरत.

“विरू, वर्ष झालं, एकदा घरी आला नाहीस.”

“साहेबाच्या घरी काय काम?”

सिद्धलिंग सोमवारचं बोलला, महजराचं बोलला. बोलताना पुन्हा पुन्हा वीरुपाक्षाच्या तोंडाकडं बघत होता. पिठाच्या डब्यातलं याला कधी कळलं की नाही, हे त्याला नऊ वर्षं ठावं नव्हतं. वर्षभर आपण याच्यासमोरून घोड्यावरून जाताना यानं सलामही केला होता, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. शेवटी त्यानं विचारलंच, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही नाही ना?

“लिहितो की,” वीरुपाक्ष म्हणाला. “उद्या बाजार हाय. समद्यांला हितंच बोलव. माजा नेम तुला ठावं हाय.”

सिद्धलिंग हलका होऊन गेला. त्या दिवशी वीरुपाक्षानं जेवताना तिसरी भाकरी मागितली. भागम्मानं ती थापता थापता विचारलं, आज एवढी भूक कशाची?

“नऊ वर्साची हाय.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले, ट्रंक उघडली आणि तीच शेरवानी काढून त्याच्या उशाला ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली माणूस मावत नव्हता. बाजारचे लोक थांबले होते, बीएनं शेरवानी कामून घातली म्हणून. सिद्धलिंगानं ती ओळखली. पण अकरा व्यापारी घोंगडीवर बसले होते, सुग्रीवानं शाईची डबी उघडून ठेवली होती, आता उठता येत नव्हतं.

महजर लिहून तयार होता. असं उर्दू वीरुपाक्षानं विद्यापीठ सोडल्यापासून लिहिलं नव्हतं. कचेरीचा पेशकार पुढं वाकून वाचत होता आणि मान डोलवत होता. वीरुपाक्षानं कागद हातात घेतला, मराठीत सांगू लागला.

पहिलं, या हाकिमानं लेव्हीची वसुली कायद्याप्रमाणं केली.

“बराबर?”

“बराबर,” अकरांच्या आधी सिद्धलिंगच म्हणाला. मागं उभ्या कुणब्यांतून कुणीतरी खाकरलं. घोंगडीवरच्या अकरांनी एकमेकांकडं बघितलं आणि जमिनीकडं बघितलं.

दुसरं, यानं गरीब रयतेला त्रास दिला नाही.

“बराबर?”

“बराबर.”

सिद्रामप्पांनी अंगठा शाईच्या डबीवर नेऊन ठेवला होता. त्यांना दुकान उघडायचं होतं.

तिसरं, विद्यार्थी असल्यापासून याचं चालचलन निर्मळ असून, यानं आपल्या धर्मबंधूशी कधी दगा केला नाही.

“बराबर?”

“बराबर,” सिद्धलिंग घाईनं म्हणाला.

वीरुपाक्ष पुढं वाचेना. कागद मांडीवर ठेवला. “लिंगावर हात ठिवून म्हण.”

सिद्धलिंगानं हसायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन्हींना शपथ नव्हती, म्हणाला, ह्यालाच का?

“त्या दोहोंचा गवाह मी नव्हतो. ह्याचा हाय.”

सिद्धलिंगाचा हात कोटाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत गेला. तिथं थांबला. सिद्रामप्पा सहज म्हणाले, ठेव की आप्पा, लिंगवंताला त्याचं काय भ्याव. हात तिथंच राहिला आणि मग खाली आला.

“हे वाक्य काढ,” सिद्धलिंग म्हणाला.

“कामून काढू? कारण सांग. कारणाबिगर मी खोडत न्हाई, कागद खराब दिसतो.”

सिद्धलिंग उर्दूत काही तरी बोलू लागला, हलक्या आवाजात, जुन्या दोस्तीचं. वीरुपाक्षानं त्याला मधेच तोडलं.

“मराठीत. ह्यांला कळंल असं.”

साहेबाच्या कपाळावर घाम आला होता. कोटाच्या बाहीनं त्यानं तो पुसला. साहेब असं पुसत नाहीत, चारठाण्याची कापडवाल्याची पोरं पुसतात.

“ह्याचं लिंग मी लपविलं हुतं.”

हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा चारठाण्याच्या बोलीत निघालं. वर्षभर तो परभणीत मराठी बोलला तरी पुण्याच्या पुस्तकातलं बोलायचा.

सिद्रामप्पांनी विचारलं, “किती दिस?”

“तीन.”

“पानी?”

“पानी बी न्हाई पिला त्यो.”

“आन् तू?”

हे न सांगता चाललं असतं. पण एकदा पोतं फाटलं की दाणा थांबत नाही. “मी ह्याचीच शेरवानी घालून मुलाखतीला गेलो,” तो म्हणाला. आणि मग आणखी बोलत सुटला, की बापानं सांगितलं होतं नोकरीबिगर तोंड दाखवू नको, की संध्याकाळी परत द्यायचं मनात होतं, की मग जमलं नाही, वय एकवीस होतं. कुणी ऐकत नव्हतं. सिद्रामप्पा उठले. अंगठ्याची शाई त्यांनी लिंबाच्या खोडाला पुसली, घोंगडी झटकली आणि सिद्धलिंगाकडं न बघता मोंढ्याकडं चालू लागले. मागोमाग दहाही उठले. शेवटच्यानं जाता जाता त्याच्या पायाजवळ थुंकलं, अंगावर नाही, जवळ.

लेव्हीचं पाप चालून गेलं असतं. हे चालणार नव्हतं. दिवस मावळायच्या आत परभणीतल्या एकाही लिंगवंताच्या ओसरीवर सिद्धलिंगाला बसायला कुणी फळकूट टाकलं नाही, आणि ही गोष्ट सोमवारच्या आधी गाडीनं जिंतूर-चारठाण्याला पोचली. तालुकदारांपुढं त्याच्या बाजूचा एकही अंगठा नव्हता. पुढं तीन महिन्यांनी त्याला घरी बसवलं. त्याच्या बापाच्या दुकानात तो गजानं कापड मोजायचा म्हणतात. गिऱ्हाइकं आपल्यातली नसायची.

वीरुपाक्षाला हे गोड लागलं. खोटं कशाला सांगा. सिद्धलिंग कचेरीच्या पायऱ्या चढून आत गेला, पाठ वाकलेली, कोटाला घोंगडीचे केस चिकटलेले, ते त्यानं पायरी पायरीनं बघितलं. आठ पायऱ्या होत्या. मग शेरवानीची गळ्याजवळची दोन हुकं सोडली आणि श्वास घेतला. पेटीच्या तळाशी हात घालून घडीचा पिवळा कागद काढला. पुरावा म्हणून नऊ वर्षं सांभाळलेला. तो दाखवायची वेळच आली नाही.

“झालं का तुमच्या लिंगाचं?” केशरबाई. सकाळपासून तिकीट-कागद घेऊन बसली होती, एवढ्या गर्दीतही जागा सोडली नव्हती.

“झालं, माय.”

“आमची ज्वारी दोनदा उपसून नेली ह्या भाड्यानं. मंग वाटीभर पिठाला मी शेजारणीच्या दारात गेले. तवा कुणी म्हणलं न्हाई, हात ठिव आन् बोल. तूबी न्हाई.”

वीरुपाक्ष तिच्याकडं बघत राहिला. पहिल्या वाक्याला ‘बराबर’ झालं तेव्हा मागं खाकरलं होतं, तो आवाज बाईचा होता की काय, हे त्याला आत्ता आठवायला लागलं.

टाकाच्या टोकाला महजराची शाई वाळली होती. हातातल्या पिवळ्या कागदानं त्यानं ती पुसली, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, आणि बोळा लिंबाच्या मुळात टाकला. कोरा कागद पेटीवर सरळ केला.

“सांग आता. म्हशीला काठ्या किती मोडल्या म्हणलीस?”

“दोन.”

“आन् तूर किती खाल्ली, ते बी सांग. थोडी म्हणू नको.”

केशरबाईनं पदर सावरला आणि सांगू लागली. तो लिहू लागला.